कापण्याआधीचे सहा तास

यशपाल बनसोडेला चालत्या गाडीपेक्षा बंद पडलेली गाडी आधी दिसायची. एस.टी.च्या कार्यशाळेत त्याची एकतीस वर्षं इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात गेली होती. तरी सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून जाताना त्याची नजर धाब्यांच्या मागं, खडीच्या खाणींच्या कडेला, वेड्या बाभळीत फिरत राहायची. कुठं टपाची गंजलेली कड दिसली की स्कूटर बाजूला. दाराची बिजागरी आत की बाहेर, चाकाला नट किती, बॉनेटचा उतार कसा, एवढ्यावरून तो गाडीचं साल सांगायचा आणि ते बहुतेक बरोबर निघायचं. जुळे सोलापुरातल्या त्याच्या सोसायटीत लोक हसायचे. मुलगी दीक्षा म्हणायची, "पप्पा, तुम्ही पाहुण्यांची नावं विसरता आणि भंगाराची जन्मतारीख सांगता."

पण बार्शीची गोष्ट त्यानं दीक्षालाही सांगितली नव्हती. बार्शीत धान्याच्या एका गोदामामागं त्याला लांब नाकाचा एक पेट्रोल ट्रक सापडला होता, सत्तर वर्षांचा तरी असेल. मालक द्यायलाही तयार होता. "दोन दिवसांत सांगतो," असं म्हणून यशपाल घरी आला. ठेवायचा कुठं, बायको काय म्हणेल, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एस.टी.नं बार्शीला गेला तर गोदामामागं जळलेलं गवत होतं आणि रंगाचे पापुद्रे पडले होते. मालक म्हणाला, "तुमचा निरोप आला नाही, मग काल कापून नेली." यशपाल उन्हात तिथंच कितीतरी वेळ उभा राहिला. त्या दिवसापासून "दोन दिवसांत सांगतो" हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

दोन हजार तेवीसचा मार्च. मंगळवार त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा. वळसंगच्या बाजूला त्याची थोरली बहीण मनकर्णा राहायची, तिच्याकडं तो निघाला होता. अक्कलकोट रोडवर औद्योगिक वसाहत मागं पडली आणि पत्र्याच्या उंच कुंपणावरून त्याला एका केबिनचं डोकं दिसलं. पुढच्या दोन्ही काचांच्या चौकटी वरून पुढं आणि खालून आत, अशा तिरप्या होत्या. म्हणजे काच ड्रायव्हरच्या छातीकडं कललेली. साध्या ट्रकला अशी काच नसते. त्यानं ही केबिन फक्त फोनवर, जुन्या गाड्यांच्या गटात आलेल्या फोटोंत पाहिली होती.

कुंपणापलीकडून गॅस कटरचा फुसफुसाट येत होता. जळक्या रंगाचा वास थेट रस्त्यापर्यंत पसरला होता. यशपालनं स्कूटर स्टँडला लावली आणि धावतच आत गेला.

कटर त्याच गाडीवर चालू होता. मागं क्रेनचा जो लोखंडी दांडा होता तो कापून खाली पडला होता आणि कापणारा आता चासीकडं, गाडीच्या खालच्या सांगाड्याकडं, वळत होता.

"थांबवा! एक मिनिट थांबवा!"

कापणाऱ्यानं काळा चष्मा कपाळावर ढकलला. चाळिशीचा, किडकिडीत माणूस. जोतिराम त्याचं नाव, हे नंतर कळलं. तो म्हणाला, "मालकाला इचारा. माझ्या हातात काय बी न्हाय."

मालक शरणबसव शेडखाली खुर्चीत बसला होता. अक्कलकोटचा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात फोन. त्यानं यशपालचं सगळं ऐकून घेतलं. हा साधा ट्रक नाही, दुसऱ्या महायुद्धात कॅनडात सैन्यासाठी बनलेला आहे, युद्ध संपल्यावर असे ट्रक लिलावात निघाले, लोकांनी त्यांच्या क्रेन केल्या, लाकूड वाहिलं, आता शोधून सापडत नाहीत.

"बरं," शरणबसव म्हणाला. "मग?"

"मग मला द्या. भंगाराच्या वजनानं जो भाव होईल तो देतो."

"भावाचं नाही हो सर. चार वाजता जालन्याच्या भट्टीच्या गाड्या येणार. तिथं मी माल कबूल केलाय. आणि दुसरं सांगतो. कापून गेलं तर ते लोखंड. आख्खी गेली तर गाडी. उद्या कुणी म्हटलं ही चोरीची, तर पोलीस माझ्या दारात. मागं एकदा झालंय तसं. यप्पा, नको ते."

"कुणाकडून घेतली?"

"मंद्रूपकडचे खाणवाले. म्हातारा वारला, पोरांनी खाण विकली. कागद मागितला तर म्हणाले सापडत नाही."

"गाडीचा नंबर चासीवर ठोकलेला असतो. तो मी शोधतो. त्यांच्या घरी जुना कागद असेल तर ताडून बघू. जुळला तर द्याल?"

शरणबसवनं शेडमधल्या घड्याळाकडं पाहिलं. दहा वाजून गेले होते.

"चारच्या आत जुळलं आणि चारच्या आत माझ्या गेटबाहेर गेली, तर तुमची. नाहीतर जोतिराम सुरू करेल. मी थांबणार नाही."

यशपालनं पहिला फोन मनकर्णाला लावला. "अक्का, एक ट्रक तुझ्या माळावर ठेवायचाय. आज."

"ट्रक? खुळा झालास काय रं?" ती करवादली. मग म्हणाली, "माळ रिकामाच हाय. पर शेरडांच्या सावलीची जागा सोडून ठेव. आन जेवायला येणार हाईस का न्हाय?"

दुसरा फोन त्यानं ओळखीच्या ट्रेलरवाल्याला केला. जेसीबी वाहून नेणारा बुटका ट्रेलर होता त्याच्याकडं, पण तो मोहोळला होता. दोन वाजेपर्यंत येतो म्हणाला.

मग यशपाल गाडीखाली शिरला.

ऐंशी वर्षांचं वंगण, खाणीची धूळ आणि त्यावर रंगाचे चार थर. चासीच्या पट्टीवर सगळं मिळून दगडासारखं घट्ट झालं होतं. नंबर इंजिनाजवळ, पुढच्या बाजूला असतो असं त्याला माहीत होतं, पण नेमकी जागा माहीत नव्हती. डिझेलमध्ये बुडवलेला बोळा, तारेचा ब्रश आणि छिन्नी घेऊन तो पाठीवर सरकत राहिला. मार्चचं ऊन पत्र्यावरून उलटून खाली येत होतं. डोळ्यांत गंज पडत होता. अकरा वाजले, साडेअकरा. जोतिराम मधूनमधून वाकून पाहायचा.

"सापडलं?"

"नाही."

"बाजूच्या बसचं टप घेऊ का तवर कापाया?"

"घ्या, घ्या. हिला फक्त हात लावू नका."

बारा वाजता ब्रशखाली एक आकडा दिसला. मग त्याच्या शेजारी दुसरा. यशपालनं खडूची पूड मागवली, बोटानं पट्टीवर चोळली आणि फुंकर मारली. खोलगट आकड्यांत पांढरी पूड बसली आणि एका ओळीत दहा आकडे उभे राहिले. सहावा मात्र गंजानं खाल्लेला होता. तीन असेल नाहीतर आठ.

शरणबसवनं खाणवाल्यांच्या घरी फोन लावला. मुलगा म्हणाला, कागद नाही. यशपाल गाडीखालूनच ओरडला, "घरात कुणी म्हातारं माणूस आहे का विचारा! जुनी पेटी असेल!"

फोन म्हाताऱ्या खाणवाल्याच्या बायकोकडं गेला. कस्तुराबाई तिचं नाव. ती म्हणाली, "मालक गेल्यापास्नं त्यांची पेटी उघडली न्हाय मी." मग पलीकडं कडी वाजली, कुणीतरी काहीतरी ओढलं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. शरणबसवही आता खुर्चीवरून उठून गाडीपाशी येऊन बसला होता. त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकून गाडीखाली धरला.

"एक लाल शिक्क्याचा कागद हाय. हिंग्रजी हाय समदं."

"आजी, आकडे वाचता येतात?" यशपालनं गाडीखालून विचारलं.

"न वाचाया काय झालं? बसचे नंबर वाचते की मी."

"मग लांबलचक आकडा कुठं दिसतो का बघा. दहा आकड्यांचा."

ती थांबत थांबत वाचू लागली. चार. दोन. आठ. चार. यशपालचं बोट पट्टीवरून तिच्या आवाजाबरोबर पुढं सरकत होतं. पाचवा एक. "आन त्याच्या म्होरं... हे शाईनं पसरलंय बाई." यशपालचं बोट सहाव्या आकड्यावर थांबलं. "तीन वाटतंय. व्हय, तीनच. हितं वरचा डोळा उघडा हाय." पुढचे चारही जुळले.

गाडीखाली पडल्यापडल्या यशपाल जोरात हसला. शरणबसव म्हणाला, "हौदु, बरोबर. झालं तर मग. त्या कागदाचा फोटो मागवून घ्या, आणि खाली सही करा, आख्खी गाडी माझ्याकडून नेली म्हणून." दीड वाजत आला होता. यशपाल बाहेर आला तो चेहऱ्यापासून पोटापर्यंत काळा. त्यानं दीक्षाला फोन करून नंबर सांगितला, केबिनमध्ये चढून स्टिअरिंग हातात धरलं, इंजिनाच्या झाकणावर थाप मारली.

आणि या आनंदात एक गोष्ट सांगायची त्याच्याकडून राहून गेली.

त्या ट्रकचं चाक एकसंध नसतं. लोखंडाच्या दोन थाळ्या एकमेकींना नटबोल्टनं आवळलेल्या असतात आणि त्यांच्या मधे टायर. नटांचे दोन गोल असतात. आतल्या गोलातले नट चाक गाडीला धरून ठेवतात, बाहेरच्या गोलातले दोन थाळ्या एकमेकींना. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर आतली हवा थाळी उडवून देते आणि समोर जो असेल त्याला घेऊन जाते. सैन्यात म्हणून ते नट लाल रंगवत. यशपालनं हे फोनवरच्या गटात वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं. कार्यशाळेतल्या एकाही गाडीला असं चाक नव्हतं, त्यामुळं त्याला ते हातानं माहीत नव्हतं, फक्त डोक्यानं माहीत होतं.

ट्रेलर सव्वादोनला आला. गाडी ओढून चढवायची तर चाकं फिरायला हवीत. कॉम्प्रेसर लावून चारही टायर फुगवून पाहिले. जुने, तडकलेले, पण तीन टायरांनी हवा धरली. चौथा बसला. पुढचं डावं चाक मात्र हवा असूनही जागचं हलेना. ब्रेक आतून गंजून धरला होता. यशपाल केबिनमधून ब्रेकचा दांडा सोडवायला उतरला, गाडीखाली गेला. जोतिरामनं बाहेरून विचारलं, "चाकच काढून बघू का?" यशपाल म्हणाला, "काढा."

कॉम्प्रेसर धडधडत होता. यशपाल दांड्यावर हातोडी मारत होता. मान वळवली तेव्हा त्याला चाकाच्या कडेनं जोतिरामचा हात दिसला. हातात लांब पाना, पान्यावर पूर्ण अंगाचा भार. आणि पान्याखालच्या नटावरचा गंज उडालेला, त्याखाली फिकट लाल रंग.

बाहेरचा गोल. पाच नट आधीच जमिनीवर पडले होते.

तो ओरडला, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू आलं नाही. गाडीखालून बाहेर यायला किती वेळ लागला हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की त्याचा खांदा कशावर तरी फाटला, त्यानं जोतिरामचा शर्ट मागून दोन्ही मुठींत धरला आणि दोघंही बाजूच्या पत्र्यांच्या ढिगावर पडले.

मग आवाज झाला. तो कानात न होता छातीत झाला. धुळीचा लोट उठला. बाहेरची थाळी, मणभर वजनाची, आवार ओलांडून कुंपणाच्या पत्र्यात घुसली आणि पत्रा फाडून रस्त्याच्या कडेच्या चारीत जाऊन पडली.

कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला. शरणबसव पळत आला. जोतिराम पत्र्यांवर बसून आपले हात उलटेपालटे करून पाहत होता, दोन्ही जागेवर आहेत का म्हणून. यशपालच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. शरणबसवचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द फक्त उजवीकडून येत होते.

"कापा! आत्ताच्या आत्ता कापा! माणूस मेला असता माझ्या आवारात! नंबर जुळला न् काय जुळला, मला नको ही अवदसा. जोतिराम, पेटव!"

  सकाळपासून यशपाल या गाडीसाठी धावत होता आणि जे एक वाक्य सांगायचं ते सांगितलं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाच्या घरी कोण कोण आहे हेसुद्धा त्यानं विचारलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "जोतिरामभाऊ, चूक माझी आहे. मला माहीत होतं. सांगायचं राहिलं. कापा तुम्ही."

जोतिराम उठला. कटरपाशी गेला. नळीचा कॉक धरला आणि तसाच उभा राहिला.

"मालक, मी पेटवणार न्हाय."

"काय?"

"नट मी सोडलं. ह्यांनी सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. गाडीनं काय केलं? उगं उभी हुती ती." त्यानं नळी खाली ठेवली. "दुसरा कापणारा बघा. चारपत्तुर गावतोय का बघा."

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. दुसरा कापणारा कुठून मिळणार? शरणबसव कन्नडमध्ये बराच वेळ काही काही बोलत राहिला. मग यशपालच्या मानेवरचं रक्त त्याच्या लक्षात आलं. त्यानं शेडमधून पाण्याची बाटली आणून त्याच्या हातात दिली आणि तोंड फिरवून म्हणाला, "न्या. पण चारला गेट बंद."

आता पुढचं डावं चाक नव्हतंच. जोतिरामनं रेल्वेचे दोन जुने लाकडी स्लीपर ओढून आणले, त्या कोपऱ्याखाली जॅक लावून सरकवले आणि त्यांवर वंगण फासलं. इतर चाकांतली हवा यशपालनं आधी स्वतः सोडून दिली, पूर्ण, प्रत्येक व्हॉल्व्हला बोट लावून खात्री करत. मग ट्रेलरवरच्या ओढायच्या विंचची तार पुढच्या हुकात अडकवली.

"तारेच्या रेषेत कुणी उभं राहू नका," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा एकेकाच्या तोंडाकडं पाहून म्हणाला.

तार ताणली गेली आणि कुरकुरू लागली. गाडी हलली नाही. ट्रेलरवाल्यानं थांबून पाहिलं, पुन्हा ओढलं. लाकूड कण्हलं. मग ते सारं धूड एकदम हातभर पुढं आलं, थांबलं, पुन्हा हातभर आलं. ट्रेलरच्या उतरत्या फळ्यांवरून चढताना मागचा भाग डावीकडं घसरला. जोतिरामनं पहार लावून तो धरला आणि यशपालनं चाकाखाली दगड सरकवला. गेटबाहेर हॉर्न वाजत होते. जालन्याच्या गाड्या आल्या होत्या. चारला तीन मिनिटं कमी असताना ट्रेलर फाटक्या पत्र्याच्या बाजूनं बाहेर पडला.

मनकर्णाच्या माळावर गाडी उतरेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. उतरवायला जोतिरामही ट्रेलरबरोबर आला होता. मनकर्णानं गाडीकडं पाहिलंच नाही. भावाच्या मानेवरचं रक्त पाहिलं आणि डोईवरचा पदर सोडून ते पुसायला लागली. "ह्याच्यापायी? ह्या लोखंडापायी? दीक्षाला काय सांगू मी?" यशपाल एवढंच म्हणाला, "अक्का, हे जोतिरामभाऊ. ह्यांना आधी जेवायला वाढ." तिघं जण ओट्यावर जेवायला बसले, पण यशपालला अर्ध्या भाकरीपुढं जेवण गेलं नाही. जोतिराम मात्र तीन भाकरी जेवला.

यशपालच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. तो भरून आला, पण ऐकू निम्मंच येतं. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. गाडी माळावर पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. आठवड्याच्या सुट्टीला जोतिराम सायकलवरून यायचा. पहिले काही महिने तो चाकांच्या जवळ जायचा नाही, इंजिनाकडंच काम करायचा. यशपालनंही त्याला कधी "चाकाकडं जा" म्हटलं नाही. सहा सिलिंडरांपैकी दोन गंजून धरले होते. ते सोडवायला पावसाळा गेला. कार्बुरेटर पुण्याहून एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून मिळाला. उडालेली थाळी चारीतून आणली होती, पण ती वाकली होती. दुसरी शोधायला आणखी सात महिने लागले.

गाडी पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चालली तेव्हा चाळीस पावलं गेली आणि बंद पडली. मनकर्णाची शेरडं दावी तोडून पळाली. त्या दिवशी शरणबसवही आला होता, कुणी बोलावलं नसताना. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, आत कललेल्या काचेवर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या आवारात अशा किती गेल्या असतील हो सर?" यशपालनं फडकं घेऊन काचेवरची त्याच्या बोटाची रेघ पुसली. 

कागदपत्रांचं काम अजून पुरं झालेलं नाही. परिवहन कार्यालयात तो खेटे घालतोय. रस्त्यावर चालवायची परवानगी मिळेल की नाही कुणी सांगत नाही.

पण एक झालं. जोतिरामला आता कापण्याआधी बघायची सवय लागली. त्यानं आसपासच्या आवारांतल्या कापणाऱ्यांनाही यशपालचा नंबर दिला. गेल्या दोन वर्षांत अकरा वेळा फोन आला. त्यातल्या सात गाड्या खरंच साध्या निघाल्या. दोन वाचवता आल्या नाहीत, पोचेपर्यंत कापून झाल्या होत्या, आणि त्या दोन्ही दिवशी यशपाल घरी येऊन न जेवता झोपला. दोन वाचल्या. त्यातली एक मोडनिंबच्या शाळेच्या आवारात उभी आहे, दुसरी कुर्डुवाडीत.

आता कुठल्याही आवारात गेला की यशपाल आधी काम करणाऱ्या सगळ्यांना बोलावतो. चाकापाशी उकिडवा बसतो, एकेका नटावर बोट ठेवून कुठला कशासाठी ते सांगतो, त्यांच्याकडून परत वदवून घेतो. लोक कंटाळतात. तो थांबत नाही. त्यानंतरच तो खडूची पूड खिशातून काढतो आणि पाठीवर झोपून गाडीखाली शिरतो.

परवा मंगळवारी जोतिरामचा फोन आला. यशपालनं तो उजव्या कानाला लावला.

"भाऊ, तुळजापूर रोडला एक आलीया. नाक लांबडं हाय, आन दार लाकडाच्या चौकटीचं. मी कापणाऱ्याला दुपारपत्तुर थांबीवलंय."

"किती वाजेपर्यंत?"

"एक वाजेपत्तुर म्हणतोय."

यशपालनं घड्याळ पाहिलं आणि स्कूटरची किल्ली उचलली.